इको रिपोर्टमध्ये ‘हृदयाला छिद्र’: कोणत्या बाळाला आज पाठवायचं आणि कोणाला थांबता येईल?

तालुका_पथक

नमस्कार मंडळी. आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकात आणि ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा धागा उघडतोय. जन्मजात हृदयदोष ‘निळे’ आणि ‘निळे नसलेले’ अशा दोन गटांत शिकवले जातात, पण शिबिरानंतर टू-डी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट समोर आले की घाई कोणाची हे या वाटणीवरून कळत नाही. पालकांना तर सगळ्यांनाच ‘छिद्र आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. नमुन्यादाखल चार रिपोर्ट देतो:

१) वय ३ दिवस. पीएफओ (वरच्या कप्प्यांमधली गर्भातली न मिटलेली फट) २ मिमी, लहान पीडीए (धमन्यांना जोडणारी गर्भातली न मिटलेली नळी). बाळ छान दूध पितंय.
२) वय ५ आठवडे. पेरिमेम्ब्रेनस व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या पातळ भागातलं छिद्र) ४ मिमी, डावे कप्पे मोठे. जन्मवजन २.७ किलो, आज २.९.
३) वय ४ महिने, वजन ५.५ किलो. टेट्रालॉजी ऑफ फॅलो (छिद्र आणि फुप्फुसांकडचा अरुंद रस्ता असलेला ‘निळा’ दोष), ऑक्सिजन ८२ टक्के. रडताना ओठ काळे पडतात. एचबी (हिमोग्लोबिन) ११.५.
४) वय ६ वर्षं, मुलगी. सेकंडम एएसडी (वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधल्या भागातलं छिद्र) १४ मिमी. शाळेत खेळते, तक्रार काही नाही.

आधी कोणाला पाठवायचं, आणि का? दुसरं असं की प्रसूतीनंतर बाळ वरवर ठणठणीत दिसलं आणि घरी गेलं, तर त्यातला धोकादायक दोष आपल्या पातळीवर कसा पकडायचा?

बालहृदय_ओपीडी

आधी क्रम सांगतो. दुसरं बाळ या आठवड्यातच. तिसरं त्याच्या बरोबरीने, आणि तोवर त्याची काळजी कशी घ्यायची हे आईला समजावून. चौथी मुलगी सवडीने, पण तारीख ठरवून. पहिल्याला फक्त पुन्हा तपासायचं.

दुसऱ्या बाळाचा कौल छिद्राच्या ४ मिमीने नाही, वजनाने दिलाय. पहिले दहा दिवस सोडले तर बाळाने रोज २० ते ३० ग्रॅम कमवायला हवेत, म्हणजे आज ते ३.३ किलोच्या आसपास असायला हवं होतं. इथे पाच आठवड्यांत जेमतेम २०० ग्रॅम वाढलंय. दूध ओढताना मध्ये मध्ये थांबतं का, कपाळाला घाम येतो का, एका वेळच्या पिण्याला अर्ध्या तासाहून जास्त लागतो का, झोपेत श्वास मिनिटाला ६० च्या वर आहे का, एवढं विचारा आणि मोजा. यकृत बरगडीखाली दोन बोटं लागत असेल तर हे हार्ट फेल्युअर आहे, ‘अंगाला लागत नाही’ एवढ्यावर सोडायचं नाही.

प्रकार लक्षात ठेवायचे तर रक्त कुठून कुठे जातंय यावरून ठेवा.

पहिला गट डावीकडून उजवीकडे गळतीचा. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र म्हणजे व्हीएसडी. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी गर्भातली नळी जन्मानंतर बंद झाली नाही तर पीडीए. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र म्हणजे एएसडी. मधला सगळा भागच अपुरा आणि झडपही एकच असेल तर एव्हीएसडी. व्हीएसडी, पीडीए आणि एव्हीएसडी मोठे असतील तर रक्त फुप्फुसांत नुसतं जास्त जात नाही, ते डाव्या बाजूच्या दाबाने जातं. एएसडीमध्ये जास्त जातं, पण कमी दाबाने. म्हणून मोठा व्हीएसडी दोन महिन्यांत बाळाला आडवं करतो आणि १४ मिमीचा एएसडी घेऊन मुलगी सहा वर्षं धावत असते.

या गटात फसवणारी गोष्ट म्हणजे वेळ. जन्मल्यावर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या अजून आखडलेल्या असतात, त्यामुळे मोठ्या व्हीएसडीतूनही गळती कमी होते. तिसऱ्या दिवशी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) नाही, बाळ मजेत. पुढे ४ ते ८ आठवड्यांत या रक्तवाहिन्यांचा विरोध उतरतो आणि धाप सुरू होते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ‘हृदय नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरी ६ आठवड्यांच्या लसीला स्टेथोस्कोप लावाच. १० आणि १४ आठवड्यांनाही लावा, बाळ तसंही तुमच्याकडे येणारच असतं. मर्मरचा आवाज आणि छिद्राचा आकार यांचं नातं उलटंही असू शकतं: लहान व्हीएसडी जोरात ऐकू येतो, खूप मोठा जवळजवळ गप्प असतो.

मोठ्या व्हीएसडीचं ऑपरेशन औषधाने धाप आटोक्यात असेल तर ६ महिन्यांच्या आत, नसेल तर तेवढंही थांबायचं नाही. एव्हीएसडीला त्याहून घाई, साधारण ३ महिन्यांपर्यंत. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो आणि त्यात एव्हीएसडीचं प्रमाण मोठं, शिवाय त्यांच्या फुप्फुसांतला दाब लवकर पक्का होतो. म्हणून डाउन सिंड्रोमचा संशय आला की मर्मर असो नसो, इको त्याच महिन्यात करून घ्या.

एक इशारा मुद्दाम देतो. मोठा व्हीएसडी असलेलं, सतत धापणारं बाळ वर्षाच्या आसपास ऑपरेशनशिवाय ‘आपोआप सुधारलं’, मर्मर कमी झाला, वजन धरायला लागलं, तर ती खुशखबर समजू नका. छिद्र लहान झालं असेल तर उत्तम, पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होऊन गळती थांबली असेल तरी चित्र असंच दिसतं. ते पुढे गेलं की रक्त उलटं वाहायला लागतं, मूल निळं पडतं आणि छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. ‘मूल मोठं झाल्यावर बघू’ या सल्ल्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पुन्हा इको करून फुप्फुसातला दाब किती ते विचारा.

दुसरा गट: निळं बाळ, फुप्फुसांना रक्त कमी. टेट्रालॉजी, पल्मनरी अट्रेझिया, ट्रायकस्पिड अट्रेझिया (अट्रेझिया म्हणजे ती झडप उघडलेलीच नसणं). तिसरा गट: निळं बाळ, पण फुप्फुसं भरलेली. यात टीजीए म्हणजे दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल, आणि टीएपीव्हीसी म्हणजे फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा चुकीच्या बाजूला जोडलेल्या. टीजीएमध्ये पडदा अखंड असेल तर धमन्या अदलाबदल करण्याचं ऑपरेशन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. त्यानंतर डावा खालचा कप्पा कमी दाबाला सरावतो आणि शरीराचा भार पेलत नाही. टीएपीव्हीसीमध्ये शिरांना अडथळा असेल तर एक्स-रेवर फुप्फुसं पांढरी दिसतात आणि बाळावर न्यूमोनियाचे उपचार चालू राहतात. व्हेंटिलेटरवर, भरपूर ऑक्सिजनवरही बाळ निळंच राहिलं आणि एक्स-रेवर हृदयाचा आकार लहान असेल तर हे नाव डोक्यात यायलाच हवं. याला औषध नाही, तातडीचं ऑपरेशन हाच उपाय.

चौथा गट अडथळ्यांचा: महाधमनी अरुंद असणं म्हणजे कोआर्क्टेशन, झडपा चिकटलेल्या असणं, आणि सगळ्यात गंभीर म्हणजे डावी बाजूच खुरटलेली. यात छिद्र हा मुख्य प्रश्नच नसतो. बाळ गुलाबी असतं, मर्मर नसूही शकतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एकदम कोसळतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या गटात आहे. ते एसएनसीयूवाल्यांनी (आजारी नवजात बाळांच्या विभागातल्यांनी) सांगितलेलं बरं.

एसएनसीयू_सिस्टर

घरी जाण्याआधी पकडायचं तर दोन गोष्टी: पल्स ऑक्सिमीटर आणि मांडीतली नाडी. दोन्ही मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत.

ऑक्सिमीटर २४ तासांनंतर लावा. आधी लावला तर गर्भातून बाहेर येतानाचे बदल चालू असतात आणि उगाच संशयित निघतात. आई त्याआधीच घरी निघाली असेल तर निघताना लावा, पण सोडू नका. एक प्रोब उजव्या हाताला, दुसरा कुठल्याही पायाला. उजवाच हात, कारण त्याला जाणारं रक्त डक्टसच्या (पीडीएमधली तीच गर्भातली नळी) आधी फुटतं. डावा हात लावला तर तुलनाच बिघडते. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर पास. कुठेही ९० च्या खाली आला तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. मधला आकडा आला किंवा फरक जास्त निघाला तर एका तासाने पुन्हा मोजा. तेव्हाही तसाच आला तर इको.

चुका ठरलेल्या आहेत. पाय गार असतो, बाळ रडत किंवा पाय झाडत असतं, फोटोथेरपीचा दिवा प्रोबवर पडतो, मोठ्यांच्या बोटाची क्लिप बाळाच्या पायाला लावलेली असते. पाय गरम करा, बाळांसाठीचा गुंडाळायचा प्रोब वापरा, त्याच्या दोन बाजू समोरासमोर येऊ द्या, वरून दुपट्याने झाका आणि लाट स्थिर झाल्यावरच आकडा लिहा.

ही चाचणी पास म्हणजे हृदय निर्दोष, असं आईला सांगू नका. व्हीएसडी, एएसडी, पीडीए यात दिसत नाहीत, आणि कोआर्क्टेशन बऱ्याचदा निसटतं. त्यासाठी मांडीची नाडी. बाळ शांत असताना जांघेच्या मधोमध बोट हलकं ठेवा, दुसऱ्या हाताने उजव्या दंडाची नाडी धरा आणि दोन्ही एकाच वेळी बघा. बोट दाबलं की नाडी हरवते. मांडीची लागत नसेल किंवा फारच बारीक असेल तर उजव्या हाताचा आणि पायाचा रक्तदाब घ्या. हाताचा २० ने जास्त असेल तर तेच बाळ पुढे पाठवायचं. डक्टस उघडी असेपर्यंत मांडीची नाडी लागू शकते, म्हणून पहिल्या दिवशी लागली तरी नंतर पुन्हा बघावी लागते. आशाताईंच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतातच. ७ आणि १४ व्या दिवसाची भेट या दृष्टीने सोन्यासारखी. दूध सोडलं, अंग गार, रंग राखाडी, लघवी कमी असं बाळ दिसलं तर ते सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) असेलही, पण नाडी बघितल्याशिवाय फक्त सेप्सिस समजून थांबू नका. अँटिबायोटिक द्या आणि हृदयाचाही विचार करा.

डक्टसवर जगणारं बाळ (ती मिटली तर कोसळेल असं) असल्याचा संशय असेल तर प्रोस्टाग्लँडिन ई-१, म्हणजे डक्टस उघडी ठेवणारं औषध. इकोची वाट बघत ते अडवून ठेवू नका, फोनवर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून सुरू करा. अँप्यूल ५०० मायक्रोग्रॅमचा असतो आणि फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. तो ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये एकूण ५० मिली केला की एका मिलीत १० मायक्रोग्रॅम होतात. ३ किलोच्या बाळाला मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं तर सिरिंज पंप तासाला ०.९ मिलीवर. परिणाम दिसला की हळूहळू ०.०१ पर्यंत, म्हणजे तासाला ०.१८ मिलीपर्यंत उतरवतात. याच लाइनमधून दुसरं काही ढकलू नका, एकदम डोस जातो. दुसरी लाइन आधीच घेऊन ठेवा, कारण पहिली निघाली तर डक्टस पुन्हा मिटायला लागते.

या औषधात सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे श्वास थांबणं. पहिल्या काही तासांत होतं, २ किलोखालच्या बाळांत जास्त. बॅग आणि मास्क बाळाच्या डोक्याशी हवा, कपाटात नको. ताप आणि रक्तदाब उतरणंही दिसतं.

आणि ऑक्सिजन ९५ वर नेण्याच्या मागे लागू नका. डक्टसवरच्या बाळाला ७५ ते ८५ चालतो. जास्त ऑक्सिजनने डक्टस आकसते, आणि डावी बाजू खुरटलेल्या बाळात सगळं रक्त फुप्फुसांकडे वळून शरीर उपाशी राहतं.

तालुका_पथक

सिस्टर, डॉक्टर, मनापासून आभार. तिसऱ्या बाळाबद्दल अजून विचारतो. पाठवण्याआधीच आमच्याकडे निळेपणाचा झटका आला तर ग्रामीण रुग्णालयात काय काय, कोणत्या क्रमाने? आणि एचबी ११.५ म्हणजे ठीकच ना?

बालहृदय_ओपीडी

नाही, त्याच्यासाठी ११.५ कमी आहे. ऑक्सिजन ८२ टक्के असलेल्या बाळाचं शरीर जास्त लाल पेशी बनवून भरपाई करतं, त्याचा एचबी १४-१५ च्या पुढे असायला हवा. ११.५ म्हणजे लोह कमी पडलंय, आणि लोह कमी असलं की झटके वाढतात. लोहाचे थेंब सुरू करा. उलट्या, जुलाब, तापात पाणी कमी पडू देऊ नका, कारण त्यानेही झटका येतो.

झटका बहुधा सकाळी उठल्यावर, रडल्यावर, शी करताना किंवा सुई टोचल्यावर येतो. बाळ बेचैन होतं, श्वास खोल आणि जलद होतो, निळेपणा वाढतो. मर्मर मंदावतो किंवा नाहीसा होतो, कारण फुप्फुसांकडचा रस्ता जवळजवळ बंद झालेला असतो.

पहिलं काम: बाळ आईच्या खांद्याशी किंवा मांडीवर, दोन्ही गुडघे पोटाशी घट्ट दुमडून. पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या की शरीराचा विरोध वाढतो आणि रक्त फुप्फुसांकडे वळतं. ऑक्सिजन नाकाजवळ धरा, मास्कने बाळ चिडत असेल तर दाबून लावू नका. पाच जणांनी गराडा घालून पाच ठिकाणी शीर शोधणं हे झटका वाढवण्याचं हमखास साधन, म्हणून आधी टोचण्याशिवाय जे करता येतं ते करा.

ओसरला नाही तर मॉर्फिन किलोमागे ०.१ मिग्रॅ स्नायूत किंवा त्वचेखाली, या बाळाला ०.५५ मिग्रॅ. ते नसेल तर केटामाइन किलोमागे १ ते २ मिग्रॅ स्नायूत. ते भूल देणाऱ्यांच्या ट्रॉलीत बहुतेक ठिकाणी असतं, आणि शरीराचा विरोध वाढवत असल्याने इथे उपयोगीच. श्वासावर नजर दोन्हींत ठेवायची. मग शीर मिळाली की सलाइन किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे ५५ ते ११० मिली. सोडाबायकार्ब किलोमागे १ मिलिइक्विव्हलंट, पातळ करून, हळू. साखर तपासा. पुढची पायरी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल किलोमागे ०.१ मिग्रॅ शिरेतून अगदी सावकाश, मॉनिटर लावून. त्यानंतर फेनिलएफ्रिन आणि व्हेंटिलेटर, ते मोठ्या केंद्राचं काम.

दोन चुका टाळा. धाप दिसली म्हणून फ्युरोसेमाइड देऊ नका, ते दुसऱ्या बाळाचं औषध आहे, याच्या अंगातलं पाणी काढलं तर झटका वाढेल. आणि निळ्या बाळाच्या सलाइनच्या नळीत हवेचा एक बुडबुडाही राहू देऊ नका. एरवी तो फुप्फुसांत अडकतो, इथे छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

झटका थांबला म्हणून घरी सोडायचं नाही. झटका येऊन गेलेल्या बाळाचं ऑपरेशन लवकर लागतं. एरवी पूर्ण दुरुस्ती ६ ते १२ महिन्यांत करतात. तोवर तोंडावाटे प्रोप्रॅनोलॉल रोज किलोमागे १ ते ४ मिग्रॅ, विभागून. उपाशीपोटी देऊ नये, साखर उतरते.

इको_कक्ष

रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी थोडं. मिमीचा आकडा एकटा वाचू नका, शेजारी महाधमनीच्या मुळाचं माप बघा. नवजात बाळात ते साधारण ७-८ मिमी असतं. व्हीएसडी त्याच्या एक तृतीयांशापर्यंत म्हणजे लहान, दोन तृतीयांशापर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. म्हणजे दुसऱ्या बाळाचा ४ मिमी मध्यम धरावा लागेल, आणि डावे कप्पे पसरलेत म्हणजे गळती खरोखर जास्त आहे. हाच ४ मिमी आठ वर्षांच्या मुलात लहान ठरतो. रिपोर्टमध्ये छिद्रातला ग्रेडियंट (दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक) लिहिलेला असेल तर उत्तम: रक्तदाब व्यवस्थित असताना ग्रेडियंट मोठा म्हणजे उजव्या बाजूचा दाब कमी. ग्रेडियंट लहान म्हणजे दोन्ही कप्प्यांत दाब जवळजवळ सारखा, ते वाईट.

जागाही बघा. स्नायूच्या भागातले लहान व्हीएसडी बरेचसे आपोआप मिटतात, पेरिमेम्ब्रेनसही काही मिटतात. झडपेजवळचा इनलेट आणि धमन्यांच्या खालचा आउटलेट मात्र असा भरवसा देत नाहीत. आउटलेट व्हीएसडी आशियाई मुलांत युरोपीय मुलांपेक्षा जास्त आढळतो. छिद्र लहान असलं तरी महाधमनीच्या झडपेचं एक पान त्यात ओढलं जातं आणि झडप गळायला लागते. त्यामुळे ‘लहान आहे, सोडून द्या’ हे आउटलेटला लागू नाही.

चौथ्या मुलीचा सेकंडम एएसडी आहे, म्हणजे मांडीच्या शिरेतून बटण (छिद्र झाकणारं उपकरण) बसवून बंद करता येण्याची शक्यता चांगली. त्यासाठी कडा निदान ५ मिमी लागते, विशेषतः खालच्या महाशिरेकडची आणि झडपांकडची. महाधमनीकडची कडा कमी असली तरी बहुधा निभावतं. प्रायमम (पडद्याच्या खालच्या टोकाच्या) आणि सायनस व्हिनोसस (महाशिरेजवळच्या) प्रकारात असं साधं बटण बसत नाही. एक लक्षात ठेवा: उजवी बाजू मोठी दिसतेय आणि रिपोर्टमध्ये छिद्र सापडलेलं नाही, तर सायनस व्हिनोसस किंवा चुकीच्या जागी उघडणारी फुप्फुसशीर राहून गेली असेल, मोठ्या केंद्रात पुन्हा बघायला सांगा. एएसडी साधारण २ ते ४ वर्षांच्या वयात बंद करतात, त्यामुळे या मुलीला आता आणखी थांबवण्यात अर्थ नाही. तक्रार नाही म्हणून ठेवलं तर ठोक्यांचा अनियमितपणा आणि फुप्फुसांचा दाब मोठेपणी, कधी पहिल्या बाळंतपणात समोर येतो.

पहिल्या बाळाचा पीएफओ हा आजार नाही, चारातल्या एका मोठ्या माणसालाही तो असतो. पीडीए मात्र ३ महिन्यांनी पुन्हा बघा. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यानंतर तो आपोआप मिटायची आशा कमी, आणि आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलचा उपाय कमी दिवसांच्या बाळांसाठी आहे, याच्यासाठी नाही.

एसएनसीयू_सिस्टर

दुसऱ्या बाळाला पाठवेपर्यंतचं सांगते. फ्युरोसेमाइड डॉक्टर सुरू करतील, साधारण किलोमागे १ मिग्रॅ दिवसातून दोनदा. पण खरी लढाई दुधाची. अशा बाळाला दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात आणि अंगावर पिताना तेवढी ताकद नसते. दर दोन तासांनी थोडं थोडं पाजा, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको. उरलेलं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा नाकातल्या नळीने. आईचं दूध बंद करून पातळ वरचं दूध सुरू करणं ही घराघरात होणारी चूक, ती आधीच बोलून टाळा. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने.

लसी एकही थांबवू नका. ‘हृदयाचं बाळ आहे’ म्हणून लस टाळल्याने गोवर-न्यूमोनिया झाला की ऑपरेशनची तारीख पुढे जाते. न्यूमोकोकल वेळेवर, ६ महिन्यांनंतर फ्लूचीही.

तालुका_पथक

कागदपत्रांचं मी जोडतो. जन्मजात हृदयदोष आरबीएसकेच्या यादीत आहेच. ही योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली आणि वय १८ वर्षांपर्यंत लागू आहे. संदर्भपत्रावर फक्त ‘सीएचडी’ लिहू नका: प्रकार, वजन, दोन्ही प्रोबचे आकडे, चालू औषधं आणि ‘किती दिवसांत’ हे लिहा. जिल्ह्याच्या डीईआयसीला (मुलांचे दोष लवकर शोधून उपचार करणाऱ्या केंद्राला) त्याच दिवशी फोन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं घेऊन त्याला भेटायला सांगा, नाव चढण्याची वाट बघत कोणी घरी बसू नये. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य होतात, तेही पालकांना कळवा.

एक शेवटचं विचारतो: चौथ्या मुलीचे दोन दात किडलेत. बटण बसवण्याआधी काढायचे की नंतर?

बालहृदय_ओपीडी

आधी. किडके दात, हिरड्यांची सूज हे सगळं आधी बरं करून घ्या, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी बटण. नुसत्या एएसडीला दात काढताना प्रतिबंधक अँटिबायोटिक लागत नाही. बटण बसवल्यानंतरच्या पहिल्या ६ महिन्यांत दाताचं, हिरडीचं काम निघालं तर लागतं: अमॉक्सिसिलिन किलोमागे ५० मिग्रॅ, जास्तीत जास्त २ ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी, एकच डोस. तिसऱ्या बाळासारख्या निळ्या मुलांना मात्र दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक वेळी लागतं, ते त्याच्या कार्डावर आत्ताच लिहून ठेवा.